चार कॅमेरे, एक आत्या

३ फेब्रुवारी

नोकरी सोडून तीन दिवस झाले आणि मी अजून एकदाही रडले नाही. ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून वही उघडली. अकरा वर्षं दुसऱ्यांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त केली. आता स्वतःचं एक बनवायचं आणि ते स्वतःच बिघडवायचं.

काम असं आहे. आत्या एकतीस वर्षं कपबशांच्या कारखान्यात निवडणीच्या टेबलावर बसते. तिथल्या मालकांना कप तपासणारं यंत्र हवंय. भट्टीतून निघालेला कप पट्ट्यावरून जाणार, चार बाजूंनी चार कॅमेरे त्याचे फोटो काढणार, आणि तळहाताएवढा संगणक ते बघून ठरवणार, पास की बाद. टवका, तडा, डाग, वाकडा कान, काहीही असलं तरी बाद. अठ्ठावीस मार्चला परीक्षा आहे. दोनशे कप आधी आत्या तपासेल, मग यंत्र. दोघांच्या निकालात पाचांपेक्षा जास्त कपांचा फरक पडला तर मी गाशा गुंडाळायचा आणि जुन्या साहेबांच्या दारात जाऊन उभं राहायचं. साहेब परत घेतीलही. घेतानाचा त्यांचा चेहरा मला बघायचा नाहीये.

मालकांना माझं नाव कुणी सुचवलं कोण जाणे. आत्याला विचारलं तर म्हणाली, "तुझी कीर्ती पसरली असेल." माझी कीर्ती आमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंतही गेलेली नाही.

निघताना आत्याने भेट म्हणून एक कप दिला. "स्वतः निवडलाय. हजारात एक. एवढासासुद्धा दोष नाही." घरी येऊन बघते तर कानाच्या बाजूला तपकिरी ठिपका, चांगला तिळाएवढा. बादातला कप भाचीला द्यायचा आणि वर हजारात एक म्हणायचं. आई गेल्यापासून आत्यानेच मला वाढवलं, त्यामुळे तिची काटकसर मला नवीन नाही. आजचा चहा त्यातच प्यायले.

७ फेब्रुवारी

छोट्या संगणकाला कॅमेऱ्याच्या फितीसाठी खाच एकच. कॅमेरे चार. म्हणून मधे एक जोडपट्टी आणली. तिच्यात चारही कॅमेऱ्यांच्या फिती खोवायच्या, आणि ती एकेकाला पाळीपाळीने बोलू देते. एका वेळी एकच बोलणार, बाकीचे गप्प. आमच्या घरात ही पट्टी बसवता आली असती तर बरं झालं असतं, असं नवरा म्हणाला. तो शाळेत गणित शिकवतो आणि घरी विनोद करतो. दोन्हीकडे ऐकणाऱ्यांचे हाल.

एका फितीची बाजू उलटी खोवली आणि अर्धा दिवस कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. मग फीत पालथी केली. कॅमेरा लगेच बोलायला लागला. त्याची माफी मागितली नाही.

१० फेब्रुवारी

टेबलावर ठेवलेल्या कपाचे चारही फोटो आले. इतका आनंद झाला की तसाच संगणक पिशवीत घालून आत्याकडे गेले आणि तिच्या टीव्हीच्या पडद्यावर फोटो दाखवले. आत्या म्हणाली, "वा, किती छान आलाय कप."

घरी आल्यावर लक्षात आलं की मी कॅमेरे उलटे बसवलेत. कप चारही फोटोंत खाली डोकं वर पाय असा होता. आत्याला माझ्या कामाचं कौतुक आहे, पण कुतूहल यथातथाच. तोंडदेखलं छान म्हणून मोकळी झाली.

१४ फेब्रुवारी

पहिल्यांदा पट्ट्यावर बसवलं. दाणकन आपटले.

उभा असताना शहाण्यासारखा वागणारा कप चालायला लागला की कुणाचा नसतो. पहिल्या कॅमेऱ्याने फोटो काढला, मग दुसऱ्याची पाळी, मग तिसऱ्याची, आणि चौथ्याची पाळी येईपर्यंत कप वीतभर पुढे. चौथ्याने रिकाम्या पट्ट्याचा अतिशय स्वच्छ फोटो काढला. चारही फोटो जोडल्यावर दोन कानांचा कप तयार झाला. मालक पाठीमागे उभे होते. म्हणाले, "हा नवीन नमुना का?"

ते जास्त काही बोलत नाहीत, पण त्यांच्याही डोक्याला ताप आहे. डाग असलेले कप बाहेर जातायत आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतायत. दुपारच्या पाळीला निवडणीवर एक काका बसतात. त्यांना मालकांनी सगळ्यांदेखत झापलं. काका मान खाली घालून म्हणत होते, "मी बघूनच सोडतो हो." तेव्हा आत्या शेजारीच डबा आवरत होती. झाकण लावायला तिला इतका वेळ कधी लागत नाही. मला वाटतं काकांनी डोळे तपासून घ्यावेत.

१५ फेब्रुवारी

पाळीपाळीचा प्रकार बंद. फितीऐवजी यूएसबीच्या तारेचे कॅमेरे आणले. ते सरळ संगणकाच्या चार यूएसबी खाचांत खुपसायचे, सगळे एकदम बोलतील.

१८ फेब्रुवारी

सगळे एकदम बोलले. संगणक बसला. एवढ्याशा जिवाला चौघांचं एकदम ऐकता येत नाही, आणि चौघांना पुरेल इतकी वीजही त्याच्याकडे नाही. फोटो बारीक केले, विजेची वेगळी सोय केली, मग तो कसाबसा तग धरू लागला. पण आता नवीन खेळ. दर वेळी यंत्र बंद करून चालू केलं की कॅमेऱ्यांचे क्रमांक बदलतात. काल जो एक होता तो आज तीन. मी डावीकडचा समजून उजवीकडचा नीट करत बसते. आज माझ्या नाकी नऊ आले.

१९ फेब्रुवारी

नवऱ्याने उपाय काढला. शाळेत परीक्षेला बाकांवर चिकटवतात ते आकडे आणले आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या समोरच्या भिंतीवर एक एक लावला. आता संगणकाने कुणालाही काहीही म्हणो, फोटोतच आकडा दिसतो. इतकं सोपं होतं. दिवसभर मी त्याच्याशी जरा तुटकच वागले.

२५ फेब्रुवारी

शेवटी खरा मार्ग सापडला. एक संगणक चार कॅमेरे सांभाळू शकत नसेल तर चार संगणक घ्यायचे, प्रत्येकाला आपापला एक कॅमेरा. पट्ट्याला आडवा एक प्रकाशाचा किरण. कपाने किरण अडवला की एकाच तारेवरून चौघांना हुकूम: आत्ता. चौघे त्याच क्षणी फोटो काढतात, आपापलं मत पाचव्याला कळवतात, पाचवा निकाल देतो. एकाने जरी बाद म्हटलं तरी बाद.

आज चाळीस कप पळवले. चाळीसही एका कानाचे आले. माझा जीव भांड्यात पडला. मालकांनी मान हलवली आणि दोन कानांचा फोटो मागून घेतला, म्हणे कचेरीत लावायचाय.

२८ फेब्रुवारी

कॅमेऱ्यांसाठी पांढऱ्या दिव्यांचं कडं बसवलं. आत्या बाजूच्या टेबलावरून ओरडली, "बंद कर ते, डोळ्यांत सुया टोचतात." मी पुठ्ठ्याचा आडोसा केला. अर्ध्या तासाने तिचीच तक्रार, तिच्या टेबलावर उजेड पुरत नाही. तिच्या डोक्यावर आधीच दोन दिवे आहेत, तिसरा लावून दिला. उजेड नको म्हणते आणि उजेड हवाही म्हणते. वय झालं की माणसं हट्टी होतात असं ऐकलं होतं, आता रोज बघते आहे.

४ मार्च

यंत्राला शिकवणं सुरू. हे काम लहान मुलाला शिकवण्यासारखं आहे. कप दाखवायचा आणि सांगायचं, हा पास, हा बाद. असे तीन हजार कप. निकाल अर्थात आत्याचा. परीक्षा तिच्याशी आहे, तर गुरूही तीच हवी.

तिला काम करताना इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. बघण्यासारखं आहे. कप हातात आला की अंगठा काठावरून एक फेरी मारतो, मग कानाच्या खाचेतून, मग तळावर. मग बोटाच्या पेराने एक टिचकी आणि कप कानाशी. चांगला कप ठण्ण म्हणतो आणि फुटका थड. फुटका म्हणजे दिसायला फुटका नव्हे. मी भिंग घेऊन बघितलं, मला काही दिसलं नाही. आत्या म्हणाली, "गरम पाणी ओत." ओतलं. थोड्या वेळाने बाहेरून ओल आली, केसाएवढ्या रेषेत. मी हात जोडले.

डोळ्यांसमोर धरून ती कप क्वचितच बघते. एवढा अनुभव झाला की बघायचीही गरज उरत नाही, असं दिसतंय.

६ मार्च

आज एक अडचण आली आणि तिच्यातून एक मोठी गोष्ट शिकले. आत्याने पास केलेल्या एका कपावर मला तपकिरी ठिपका दिसला. तो दाखवला. तिने कप घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हाताला लागतोय का?"

"नाही."

"मग तो डाग नाही. मातीचा रंग आहे."

शाळा-कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. मी भिंतीवर कागद लावला: हाताला न लागणारा डाग हा डाग नव्हे. यंत्राला तसंच शिकवते आहे. ते बिचारं सुरुवातीला असल्या कपांना बाद म्हणत होतं, दर वेळी मी त्याला दुरुस्त करते. आता हळूहळू समजूतदार झालंय.

त्यानंतर आत्या दिवसभर कमी बोलली. संध्याकाळी जाताना म्हणाली, "माझं सगळंच प्रमाण मानू नकोस गं." एवढी मोठी कारागीर आणि एवढा विनय.

९ मार्च, रविवार

आत्या जेवायला आली होती. औषधाच्या पाकिटावरचं मला वाचायला लावलं, म्हणे तुझे डोळे शाबूत आहेत का बघते. ती गेल्यावर नवरा म्हणाला, "आत्यांनी चष्मा शेवटचा कधी बदलला?"

मी म्हटलं, "रोज हजार कप तपासते ती. तुला मागच्या बाकावरून फळा वाचता येतो का?"

तो म्हणाला, "फळा माझ्या मागेच असतो." ह्याला प्रत्येक माणसात काहीतरी तपासायचं असतं. पेपर कमी पडतात का?

१७ मार्च

दोनशेमध्ये अकरा चुका. बहुतेक सगळ्या थड म्हणणाऱ्या कपांच्या. जे दिसतच नाही ते कॅमेरा कसं बघणार? फोटो आणखी मोठे केले, दिवे तिरके लावले. सात चुका.

सकाळी आरशात पाहिलं तर कपाळावर मधोमध आठी. आत्याने काठावरून अंगठा फिरवला असता तर मी बाद झाले असते.

२४ मार्च

पाच चुका. म्हणजे अगदी काठावर. चार दिवस राहिले. जेवण जात नाही. नवरा म्हणतो पाच म्हणजे पासच. गणिताच्या माणसाला काठाची भीती नसते. जुन्या साहेबांचा चेहरा मला दोनदा स्वप्नात दिसला, एकदा तर कपावर छापलेला.

आत्याला म्हटलं, "नापास झाले तर?" ती म्हणाली, "यंत्र बसलंच पाहिजे." तुला यश मिळो वगैरे नाही, यंत्र बसलंच पाहिजे. तिचं माझ्यावर किती प्रेम आहे हे ती असंच सांगते.

२८ मार्च

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी दहाला दोनशे कप मांडले. मालक, भट्टीवरची चार माणसं, पाळीपूर्वी मुद्दाम आलेले काका, सगळे भोवती. आत्याने तपासले, मालकांनी निकाल स्वतः लिहून घेतला. मग तेच कप पट्ट्यावर. मी कॅमेऱ्यांकडे बघत नव्हते, मालकांच्या पेन्सिलीकडे बघत होते.

फरक तीन कपांचा. दोनशेत तीन. भट्टीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्ची शोधली.

मालक खूश होते. चहा मागवला, आणि म्हणाले, आज पास झालेल्या कपांतूनच पिऊ. ढिगातला एक कप उचलला, चहा ओतायला धरला आणि हात तसाच थांबवला. कप फिरवला. दुसरा उचलला. मग तिसरा. एकेक करत चौदा कप त्यांनी टेबलावर ओळीने लावले. चौदांवरही तपकिरी ठिपके. दारातूनही दिसत होते.

"हे तुमच्या यंत्राने पास केले?" त्यांनी विचारलं. "आणि बाईंनीही?"

मला काय म्हणायचं होतं ते आठवतं. हाताला न लागणारा डाग हा डाग नव्हे. ते वाक्य माझ्या तोंडात आलं, आणि तोंडातच ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मग एकामागून एक सगळं आलं. उलटा कप आणि छान म्हणणारी आत्या. डोळ्यांत टोचणारे दिवे. तिसरा दिवा. औषधाचं पाकीट. आणि घरचा तो हजारात एक कप. महिनाभर मी यंत्राला नीट बघायला शिकवत होते असं मला वाटत होतं. ते नीट बघतच होतं, आणि मी रोज त्याला न बघायला शिकवलं.

मी म्हटलं, "तीन नंबरच्या कॅमेऱ्याची काच पुसायची राहिली."

"खोटं बोलू नकोस," आत्या म्हणाली. मग मालकांकडे वळली. मालक उभे होते त्यापेक्षा थोडी डावीकडे बघत बोलली. "यंत्राचं काही चुकलं नाही. त्याला मी शिकवलंय आणि मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. आधी धुकं होतं, आता दूध झालंय. डागांच्या कपांवरून ज्यांना तुम्ही बोललात त्यांची काही चूक नाही. ते कप सकाळचे होते. माझे."

काकांनी आत्याच्या जवळ खुर्ची सरकवली.

मालक बराच वेळ कपाशी चाळा करत राहिले. "म्हणून गेल्या वर्षी माझ्या मागे लागला होतात का बाई, यंत्र बसवा, माझी भाची करून देईल म्हणून?"

"यंत्र बसलं की गुपचूप निघून जाणार होते," आत्या म्हणाली. "एकतीस वर्षं डोळ्यांवर जगले. त्यांच्याबद्दल कुणाला कसं सांगायचं?"

मला लाज वाटली. इतकी वाटली की लिहायलाही वेळ लागतोय. मी चार कॅमेरे लावून एकेका कपाकडे चारी बाजूंनी बघत होते, आणि तीन हातांवर बसलेल्या आत्याकडे एकदाही धड बघितलं नाही.

शेवटी मालक म्हणाले, "यंत्र नापास म्हणता येत नाही. हुबेहूब बाईंसारखं झालंय. पण मला दुसऱ्या बाई नकोत, त्यांचे जुने डोळे हवेत. तीन आठवडे देतो." आणि त्याच डागाळलेल्या कपातून चहा प्यायले. आम्ही सगळे प्यायलो.

२९ मार्च

आत्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांचं काम. दोन वर्षं घाबरत काढली आणि काम वीस मिनिटांचं. मी तिला बोल बोल बोलले. ती म्हणाली, "डोळ्यात सुरी घालतात म्हणे." मी म्हटलं, "तू रोज थड म्हणणाऱ्या कपात गरम पाणी ओततेस, तुला कसली भीती?" ह्याचा काय संबंध ते मलाही माहीत नाही, पण ती हसली.

३ एप्रिल

भिंतीवरचा कागद फाडला. तीन हजार कप पुन्हा. डाग बघायला काका बसलेत. त्यांना मी मनात डोळे तपासून घ्या म्हटलं होतं हे मी त्यांना कधीच सांगणार नाही. ते एकही ठिपका सोडत नाहीत, माशी बसली तरी बाद म्हणतात.

थड म्हणणाऱ्या कपांसाठी पट्ट्याशेजारी एक लाकडी टिचकी आणि एक छोटा मायक्रोफोन बसवलाय. त्याला आत्या शिकवते. ऑपरेशन झालेल्या एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर हात, आणि प्रत्येक टिचकीला निकाल. आज सहाशे कप झाले. गरम पाणी ओतून पडताळले, सहाशेत एकही चूक नाही. संगणकाला म्हटलं, हिचं मात्र सगळं प्रमाण मान.

१८ एप्रिल

दुसरी परीक्षा. या वेळी निकाल काकांनी आणि आत्याने मिळून दिला. दोनशेत दोनचा फरक. मालकांनी पास झालेले सगळे कप स्वतः फिरवून बघितले. मग म्हणाले, दुसऱ्या पट्ट्यालाही असंच बसवा. आत्याला म्हणाले, "बाई, कानाचं काम तुमचंच. यंत्र बसलं म्हणून कुणी गुपचूप निघून जायचं नाही."

जुन्या साहेबांचा चेहरा आता मला मुळीच आठवत नाही.

२७ एप्रिल, रविवार

आत्याच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टीही निघाली. दुपारी घरी आली. दारातच मला म्हणाली, "किती बारीक झालीस." मग भिंतीकडे बघून, "रंग कधी दिला?" तीन वर्षं झाली रंगाला. नवऱ्याला म्हणाली, "तुमचे केस कुठे गेले?" नवरा चहा करायला आत निघून गेला.

चहा नेमका त्याच कपात आला. मी लपवायला हवा होता, विसरले. आत्याने सवयीने काठावरून अंगठा फिरवला, मग कानातून, मग थांबली. कप खिडकीकडे धरला. तपकिरी ठिपक्यावर तिचा अंगठा आला आणि तिथेच राहिला.

"हा कुणी पास केला?"

"तू."

मी म्हटलं, "दे इकडे, दुसरा आणते." तिने दिला नाही. शेवटी हळूच एक टिचकी मारली आणि कप कानाशी धरला.

"आवाज चांगला आहे," ती म्हणाली, आणि चहा प्यायली.